विश्लेषण : जीएसटी घटला, तरी गेमिंग मॉनिटर स्वस्त का नाही?

बारावीच्या परीक्षा संपत आल्या आणि पाडव्याची खरेदी तोंडावर आली की धुळ्यात आग्रा रोड परिसरातील संगणकाच्या दुकानांत मुलांबरोबर पालकही दिसू लागतात. मोबाइलवर खेळून कंटाळलेल्या मुलाला ‘गेमिंग पीसी’ हवा असतो. तोच संगणक पुढच्या अभ्यासालाही चालावा, अशी पालकांची अट असते. यंदा या बोलण्यात आणखी एक प्रश्न शिरला आहे : मॉनिटरवरचा जीएसटी कमी झाला म्हणतात, मग २४ इंचीची किंमत तेवढीच कशी? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर ‘३२ इंच’ या एका मर्यादेत दडले आहे. ती लक्षात आली नाही, तर कर वाचवण्याच्या नादात घरात गरजेपेक्षा मोठा पडदा येतो आणि त्यामागोमाग खर्चही वाढतो.

करकपात नेमकी कोणत्या पडद्यावर?

जीएसटी परिषदेची ५६वी बैठक ३ सप्टेंबर २०२५ रोजी झाली. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे काढून बहुतांश वस्तू ५ व १८ टक्क्यांत बसवण्याचा निर्णय तिच्यात झाला. २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, तो लागू झाला. वातानुकूलन यंत्रे, भांडी धुण्याची यंत्रे आणि मोठे टीव्ही यांच्याबरोबर मॉनिटर व प्रोजेक्टरही २८ वरून १८ टक्क्यांवर आले. जाहिरातींत ‘मॉनिटरवर जीएसटी कपात’ असे ठळक छापले गेले ते यावरूनच.

मात्र ३२ इंचांपर्यंतचे मॉनिटर १८ टक्क्यांत आधीपासूनच होते. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा १७ इंचांपर्यंतच्या मॉनिटरला १८ टक्के आणि त्यापुढच्याला २८ टक्के कर होता. म्हणजे त्या वेळी २४ इंची पडदा ‘चैनीच्या’ रांगेत बसला होता. डिसेंबर २०१८ मधील बैठकीत ही मर्यादा ३२ इंचांवर नेण्यात आली आणि १ जानेवारी २०१९ पासून २४ व २७ इंची मॉनिटर १८ टक्क्यांत आले. त्यांच्यासाठी करकपात सात वर्षांपूर्वीच होऊन गेली. गेल्या सप्टेंबरमध्ये जी कपात झाली ती ३४, ३८, ४२, ४९ इंची पडद्यांवर. दुकानात ‘३२ इंची’ म्हणून विकले जाणारे बरेच मॉनिटर प्रत्यक्षात साडेएकतीस इंचांचे असतात. तेही आधीपासून कमी कराच्याच गटात होते.

मोठ्या पडद्यावर तरी किती फायदा झाला? करपूर्व किंमत १०,००० रुपये धरली, तर २८ टक्क्यांनी ती १२,८०० होत होती, आता ११,८०० होते. म्हणजे ग्राहकाला पडणाऱ्या किमतीत घट १० टक्के नसून ७.८ टक्के आहे. पूर्वी ३०,००० रुपयांना मिळणारा ३४ इंची मॉनिटर, बाकी काही बदलले नाही असे धरल्यास, २७,६५६ रुपयांना मिळायला हवा. बचत २,३४४ रुपयांची.

याच संदर्भात आणखी एक गैरसमज ऐकू येतो. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात ‘फ्लॅट पॅनेल डिस्प्ले’वरील आयात शुल्क १० वरून २० टक्के झाल्याने मॉनिटर महागले, असे काही जण सांगतात. ती वाढ ‘इंटरअॅक्टिव्ह फ्लॅट पॅनेल’वर होती, म्हणजे शाळा-महाविद्यालयांच्या भिंतींवर लागलेल्या, बोटाने लिहिता येणाऱ्या डिजिटल फळ्यांवर. टेबलावरच्या मॉनिटरशी तिचा संबंध नाही.

मग ३४ इंची घेतलेलाच बरा?

येथेच हिशेब चुकतो. पडद्याची किंमत एकदाच मोजावी लागते, पण पडद्यावरचे चित्र ग्राफिक्स कार्डाला दर सेकंदाला नव्याने रंगवावे लागते. पडद्यावर ठिपके, म्हणजे पिक्सेल, जितके जास्त तितके कार्डाचे काम जास्त. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. क्यूएचडी, ज्याला ‘टू-के’ किंवा १४४०पी म्हणतात, त्यावर २५६० गुणिले १४४०, म्हणजे ३६.९ लाख. ३४ इंची रुंद पडद्यावर साधारणपणे ३४४० गुणिले १४४०, म्हणजे ४९.५ लाख. फोर-के पडद्यावर ८२.९ लाख, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट.

ज्या कार्डावर एखादा जड गेम फुल एचडीत सेकंदाला ९० चित्रे देतो, तोच गेम ३४ इंची रुंद पडद्यावर निम्म्याच्या आसपास येऊ शकतो. घट ठिपक्यांच्या अगदी प्रमाणात होत नाही, प्रत्येक गेमचे गणित वेगळे असते. एनव्हिडियाचे डीएलएसएस आणि एएमडीचे एफएसआर ही तंत्रे कमी ठिपक्यांचे चित्र तयार करून ते फुगवतात आणि कार्डाचा भार हलका करतात, हेही खरे. तरीही मोठा पडदा नीट चालवायचा तर कार्ड एक पायरी वरचे लागते आणि त्या पायरीचा फरक सहज दहा-पंधरा हजारांचा असतो. करात वाचलेले २,३४४ रुपये त्यात कुठेच उरत नाहीत.

त्यात वेळही वाईट आहे. २०२५च्या अखेरीपासून मेमरी चिपची टंचाई जाणवू लागली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणारी महागडी मेमरी बनवण्याकडे सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन मोठ्या उत्पादकांनी आपली क्षमता वळवली. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने तर ‘क्रुशियल’ या नावाने चालणारा किरकोळ ग्राहकांचा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. संगणकात लागणाऱ्या रॅमच्या अनेक पट्ट्यांची किंमत काही महिन्यांत दुपटीपुढे गेली. ग्राफिक्स कार्डावरही मेमरी असतेच, त्यामुळे तिकडेही दिलासा नाही. घरचे एकूण बजेट ठरलेले असेल, तर यंदा रॅम आणि कार्डच त्याचा मोठा घास घेणार. मॉनिटरवर उरलेल्या पैशांत काय बसते, ते पाहावे लागेल.

खान्देशात ही गोष्ट किरकोळ नाही. चालू हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. २० हजारांचा मॉनिटर म्हणजे हमीभावाने अडीच क्विंटल कापूस, आणि हमीभाव प्रत्येकाच्या पदरात पडतोच असे नाही.

२४ की २७ इंच?

टेबलावर बसून खेळताना डोळे आणि पडदा यांत साधारण दोन-अडीच फुटांचे अंतर असते. या अंतरावर २४ इंची फुल एचडी पडदा व्यवस्थित दिसतो. त्यात एका इंचात सुमारे ९२ ठिपके बसतात. तेच फुल एचडी २७ इंचांवर ताणले की ठिपके ८२वर येतात. अक्षरांच्या कडा फुटल्यासारख्या दिसू लागतात. गेममध्ये हे कदाचित चालून जाईल, पण त्याच पडद्यावर पीडीएफ वाचायची, प्रोग्रॅमिंग करायचे किंवा प्रवेशाचे अर्ज भरायचे असतील तर त्रास होतो. २७ इंच घ्यायचा तर तो क्यूएचडी असावा. तेथे एका इंचात १०९ ठिपके मिळतात.

बाजारात सर्वाधिक मोह पाडणारा प्रकार मात्र २७ इंची फुल एचडीचाच आहे. २४ इंचीपेक्षा दोन-तीन हजारांनी महाग, पण दिसायला भरदार. आमच्या मते टाळावा असा एकच प्रकार सांगायचा झाला, तर तो हा. किमतींचा ढोबळ अंदाज असा : २४ इंची फुल एचडी, आयपीएस, १०० ते १८० हर्ट्झ आठ ते अकरा हजारांच्या दरम्यान. २७ इंची क्यूएचडी, १६५-१८० हर्ट्झ सोळा ते बावीस हजार. फोर-के आणि जास्त हर्ट्झ हवे असतील तर तीस हजारांच्या आसपास. ओएलईडी पन्नास हजारांच्या पुढे. सवलतींच्या दिवसांत हे आकडे थोडे खाली येतात.

१४४, १८०, २४० हर्ट्झमध्ये खरा फरक किती?

हर्ट्झ म्हणजे पडदा एका सेकंदात किती वेळा चित्र बदलतो तो आकडा. साधा ऑफिसचा मॉनिटर ६० हर्ट्झचा असतो, म्हणजे एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते. १४४ हर्ट्झवर ते ६.९ मिलिसेकंदांवर येते. फरक जवळपास १० मिलिसेकंदांचा पडतो आणि तो डोळ्याला तर कळतोच, माऊस हलवताना हातालाही जाणवतो. ६० वरून १४४वर गेलेला खेळाडू सहसा मागे फिरत नाही.

पुढे मात्र परतावा झपाट्याने घटतो. १४४ वरून १८०वर गेल्यास फरक १.४ मिलिसेकंदांचा. १८० वरून २४०वर आणखी १.४चा. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ स्पर्धेच्या तयारीने खेळणाऱ्याला त्याचा उपयोग होईल. शिवाय व्हॅलोरंटसारखा हलका गेम मध्यम संगणकावरही २०० पुढची चित्रसंख्या देतो, त्यामुळे तेथे जास्त हर्ट्झ वाया जात नाहीत. पण गोष्ट सांगणारे, मोकळ्या जगाचे जड गेम मध्यम कार्डावर सेकंदाला ६० ते ८० चित्रेच देत असतील, तर २४० हर्ट्झचा पडदा रिकाम्या गाडीसारखा धावतो.

अशा वेळी जास्त मोलाची ठरते ती ‘अॅडॅप्टिव्ह सिंक’ची सोय. कार्ड जेव्हा चित्र देईल तेव्हाच पडदा बदलतो, त्यामुळे चित्र मधूनच फाटल्यासारखे दिसत नाही. एनव्हिडियाने २०१३ मध्ये ‘जी-सिंक’ आणले तेव्हा त्यासाठी मॉनिटरमध्ये वेगळा महागडा भाग लागत असे. एएमडीचे ‘फ्रीसिंक’ २०१५ मध्ये त्या भागाशिवाय आले. जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियानेही आपली कार्डे अशा मॉनिटरवर चालू देण्यास सुरुवात केली आणि हा वाद ग्राहकापुरता मिटला. आज आठ-दहा हजारांच्या गेमिंग मॉनिटरमध्येही ही सोय मिळते. केवळ ‘जी-सिंक’च्या शिक्क्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण उरलेले नाही.

एक साधी गोष्ट येथेच सांगायला हवी, कारण ती दुकानात सहसा कोणी सांगत नाही. नवा १८० हर्ट्झचा मॉनिटर जोडल्यावर विंडोज अनेकदा तो ६० हर्ट्झवरच चालवते. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन प्रगत पर्यायांत हर्ट्झ स्वतः निवडावे लागतात. महिनोन् महिने १८०चे पैसे देऊन ६०वर खेळणारे खूप आहेत. केबलचेही तसेच. बऱ्याच स्वस्त मॉनिटरवर पूर्ण हर्ट्झ डिस्प्लेपोर्टवरच मिळतात आणि एचडीएमआयवर १४४ किंवा त्याहून कमी. सोबत आलेली केबल एचडीएमआयची असेल, तर डिस्प्लेपोर्टची केबल वेगळी घ्यावी लागते. आणि केबल संगणकाच्या मागे खाली, ग्राफिक्स कार्डाच्या आडव्या पट्टीत लावायची. वर मदरबोर्डच्या पोर्टला लावली, तर तीस हजारांचे कार्ड नुसते बसून राहते.

‘१ एमएस’ आणि ‘एचडीआर’वर किती विश्वास ठेवावा?

फार नाही. खोक्यावरचा ‘१ एमएस’ दोन वेगवेगळ्या गोष्टींसाठी लिहिला जातो. एक, ठिपका करड्या रंगाच्या एका छटेतून दुसरीत जाण्यास लागणारा वेळ. कंपनी त्यातला सर्वात वेगवान बदल मोजते, तोही पडद्याचा वेग कमाल वाढवून. त्या अवस्थेत हलणाऱ्या वस्तूंच्या मागे उलट्या रंगाची सावली दिसते, म्हणून प्रत्यक्षात ती कोणी वापरत नाही. दुसरी, चित्र डोळ्यासमोर किती काळ टिकते त्याचे मोजमाप. ते कमी दाखवण्यासाठी मागचा दिवा वेगाने उघडझाप करतो, त्यात उजेड कमी होतो आणि काहींचे डोके दुखते. दोन्ही आकडे खोटे नाहीत, पण दोन कंपन्यांच्या ‘१ एमएस’ची तुलना करून हाती काही लागत नाही.

एचडीआरची कथा आणखी पोकळ आहे. खऱ्या एचडीआरसाठी पडद्याचा एक कोपरा झगझगीत आणि शेजारचा काळाकुट्ट ठेवता यायला हवा. व्हेसा या संस्थेने डिसेंबर २०१७ मध्ये त्यासाठी दर्जे ठरवले. त्यातल्या सर्वात खालच्या ४००च्या पायरीला मागचा दिवा भागाभागाने मंद करण्याची अटच नाही. दहा-वीस हजारांच्या मॉनिटरवर तर बहुधा ही पायरीही नसते. ‘एचडीआर १०’ एवढेच लिहिलेले असते, त्याचा अर्थ मॉनिटर तो सिग्नल स्वीकारतो इतकाच. या किमतीत एचडीआरसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

पॅनेलचा प्रकार कसा निवडावा?

टीएन, व्हीए, आयपीएस आणि ओएलईडी असे चार प्रकार बाजारात आहेत. टीएन आता मागे पडला आहे. तो वेगवान असतो, पण थोडे बाजूला सरकले की रंग फिके पडतात. खरी निवड व्हीए आणि आयपीएसमध्ये असते. व्हीएचा काळा रंग गडद असतो. उजेड-अंधाराचे त्याचे गुणोत्तर साधारण ३,०००ला १ किंवा त्याहून जास्त, तर आयपीएसचे १,०००ला १च्या आसपास. रात्री दिवा बंद करून सिनेमा पाहणाऱ्याला व्हीए आवडतो. स्वस्त व्हीएमध्ये मात्र अंधाऱ्या दृश्यात वेगाने हलणाऱ्या वस्तूंमागे काळा ओघळ उमटतो आणि बंदुकीच्या गेममध्ये तो खटकतो. आयपीएसचे रंग कोणत्याही कोनातून जवळपास सारखे दिसतात, त्यामुळे गेम, अभ्यास आणि घरच्यांनी मिळून काही पाहणे ही तिन्ही कामे भागतात. एकाच मॉनिटरवर घर चालवायचे असेल तर आयपीएसला पर्याय नाही.

ओएलईडी या सर्वांच्या पुढचा. प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाश देतो, बदलही क्षणात होतो. पण एकच चित्र तासन् तास राहिल्यास त्याचा ठसा कायम राहण्याचा धोका असतो. दिवसभर विंडोजची पट्टी आणि वर्डची चौकट उघडी असलेल्या घरात तो विचार करूनच घ्यावा. या ठशाला वॉरंटी लागू आहे का, हे कंपनीगणिक बदलते.

हे सर्व पॅनेल बाहेरूनच येते. चीनमधील बीओई व सीएसओटी, तैवानमधील एयूओ व इनोलक्स, कोरियातील सॅमसंग व एलजी यांच्याभोवती हा उद्योग फिरतो. वेदांत समूहाच्या ट्विनस्टारने २०१६च्या सुमारास नागपूरजवळ बुटीबोरीत एलसीडी पॅनेलचा कारखाना उभारण्यासाठी राज्य सरकारशी करार केला होता. तो कारखाना काही उभा राहिला नाही. ‘मेक इन इंडिया’ लिहिलेल्या मॉनिटरमध्येही जुळणी येथील असते, काच परदेशी.

धुळ्याच्या उन्हाचा आणि विजेचा काय संबंध?

मॉनिटरच्या माहितीपत्रकात अगदी शेवटी एक ओळ असते, वापराचे तापमान शून्य ते ४० अंश सेल्सिअस. पुण्या-मुंबईचा ग्राहक ती वाचत नाही आणि त्याचे बिघडतही नाही. धुळे-जळगावात मे महिन्यात पारा ४३-४४च्या पुढे जातो. वरच्या मजल्यावरची खोली, पत्र्याचे छत आणि शेजारी गरम हवा फेकणारा गेमिंग संगणक अशी जोडी असली, की दुपारी ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मॉनिटर लगेच बंद पडत नाही. आतील कपॅसिटर आणि मागचे दिवे मात्र लवकर म्हातारे होतात. पडदा भिंतीला चिकटवून ठेवू नये, मागच्या फटींवर धूळ साचू देऊ नये, कूलरची ओली हवा थेट त्यावर सोडू नये, एवढी काळजी पुरते. दुपारी खेळायचे असेल तर चकचकीत काचेपेक्षा मॅट पडदा बरा, खिडकीचे प्रतिबिंब दिसत नाही.

वीजबिलाची भीती अनाठायी आहे. २४ ते २७ इंची मॉनिटर साधारण ३० वॉट घेतो. रोज चार तास चालला तर महिन्याला ३.६ युनिट. बिल वाढते ते संगणकामुळे. खेळताना तो ३०० वॉट घेत असेल, तर तेवढ्याच वेळात ३६ युनिट होतात आणि घर १०० युनिटांच्या स्वस्त टप्प्यातून पुढच्या टप्प्यात ढकलले जाऊ शकते.

वीज अचानक जाणे-येणे हा मात्र खरा त्रास. दुकानात सरसकट दिला जाणारा ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॉटपर्यंतच तग धरतो. ऑफिसच्या संगणकाला तो चालतो. गेमिंग संगणक आणि मॉनिटर मिळून त्याच्या टोकाला पोहोचतात आणि वीज जाताच तोही बसतो. १,००० व्हीए किंवा त्यावरचा घ्यावा, किंवा खेळ अर्ध्यात जाईल हे मान्य करून चांगला स्पाइक गार्ड तरी लावावा.

टीव्हीलाच संगणक जोडला तर?

करकपातीचा खरा फायदा ४३ इंची आणि पुढच्या टीव्हींना झाला असल्याने हा विचार अनेकांच्या मनात येतो. प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स असेल आणि सोफ्यावर बसून खेळायचे असेल, तर टीव्ही उत्तम. ‘गेम मोड’ चालू करावा, नाही तर टीव्ही चित्र सुधारण्यात वेळ घालवतो आणि बटण दाबल्यावर कृती उशिरा दिसते. १२० हर्ट्झवर फोर-के हवे असेल तर एचडीएमआय २.१ लागते, स्वस्त टीव्हीत ते नसते आणि पॅनेलही ६० हर्ट्झचेच असते. टेबलावर दोन फुटांवर ४३ इंची टीव्ही ठेवून माऊसने खेळणे मात्र मानेची परीक्षा आहे. उलट, कन्सोलसाठी मॉनिटर घेणाऱ्यांनीही घाबरू नये. प्लेस्टेशन ५ला सप्टेंबर २०२२ पासून क्यूएचडी चालते.

हे खेळ कायद्यात बसतात का?

पालकांच्या मनातील हा प्रश्न ऑगस्ट २०२५ पासून अधिक तीव्र झाला. ऑनलाइन गेमिंगबाबतचे विधेयक २० ऑगस्टला लोकसभेत, २१ला राज्यसभेत मंजूर झाले आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली. असे खेळ चालवणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ई-स्पोर्ट्स मात्र याच कायद्याने वेगळे काढले व त्यांना प्रोत्साहन देण्याची भूमिका घेतली. डिसेंबर २०२२ मध्येच केंद्राने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांतील प्रकार म्हणून मान्यता दिली होती. व्हॅलोरंट वा काउंटर-स्ट्राइक खेळणारा मुलगा कायदा मोडत नाही. तो किती वेळ खेळतो, हा प्रश्न घरातला आहे.

ऑनलाइन घ्यावा की आग्रा रोडवरून?

किमतीत ऑनलाइन बाजार बहुधा पुढे असतो, पण मॉनिटर ही काच आहे. खरेदी कुठूनही असो, दोन-तीन गोष्टी आधी विचाराव्यात. वॉरंटी घरी येऊन मिळते, की मॉनिटर नाशिक वा मुंबईच्या केंद्रात न्यावा लागतो? नेणे-आणणे आपल्याकडे असेल तर दोन हजारांची सवलत एका फेरीत संपते. धुळ्यासाठी घरपोच सेवा आहे का, हे पिनकोड सांगून कंपनीच्या हेल्पलाइनवरच विचारावे, विक्रेत्याच्या शब्दावर राहू नये. ठिपके मेलेले निघाल्यास किती ठिपक्यांपर्यंत कंपनी बदलून देत नाही, तेही विचारून घ्यावे. एक-दोन ठिपक्यांसाठी बऱ्याच कंपन्या पडदा बदलत नाहीत. दुकानात घेण्याचा मोठा फायदा हाच, की पडदा लावून काळ्या, पांढऱ्या, लाल रंगावर तपासून मगच पैसे देता येतात.

ऑनलाइन मागवला तर खोके उघडतानाचे अखंड चित्रीकरण करावे. मागच्या लेबलवर बीआयएसची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहावे. बिलावर मॉडेलचे पूर्ण नाव व अनुक्रमांक घ्यावा, कारण एकाच नावाच्या मॉनिटरमध्ये शेवटच्या एका अक्षराने पॅनेलचा प्रकार बदलतो. बिनबिलाचा ‘दोन हजार कमी’वाला सौदा वॉरंटीच्या वेळी उघडा पडतो.

जुना मॉनिटर घेणाऱ्यांसाठी : मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून कंपन्यांनी काढून टाकलेले ऑफिसचे मॉनिटर खाली येतात. ते बहुधा आयपीएस, फुल एचडी आणि ६० हर्ट्झचे असतात. अभ्यासासाठी उत्तम आणि स्वस्त, गेमिंगसाठी नाहीत. त्यावर ‘गेमिंग’चे स्टिकर दिसले तर ते कोणी लावले, ते विचारावे.

समजा ७० हजारांत सगळे बसवायचे आहे. मेमरीच्या सध्याच्या दरांत २४ इंची, आयपीएस, १४४ ते १८० हर्ट्झ, डिस्प्लेपोर्ट असलेला दहा हजारांचा मॉनिटर घ्यावा आणि उरलेले पैसे कार्ड व रॅमला द्यावेत. बजेट लाखाच्या पुढे असेल तर २७ इंची क्यूएचडी. ३४ इंचीचा विचार दोन-तीन वर्षांनी कार्ड बदलताना करता येईल, जीएसटी तेव्हाही दोन्हींना सारखाच असेल, आजच्यासारखा.

माल खराब निघाला आणि विक्रेता बंगळूरु किंवा दिल्लीचा असला, तरी ग्राहकाला तेथे जावे लागत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करण्याची मुभा दिली आहे. म्हणजे धुळ्याचा ग्राहक धुळे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक बिलाला जोडून ठेवावा.